दुकानात पडून दुखापत झाली तर? बिल जपा, न वाचता सही करू नका आणि दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवा

तीन वर्षांपूर्वीची रमजान ईद जवळ आली होती. माझी फुफी सून आणि सात वर्षांच्या नातवाला घेऊन मिरजेहून सांगलीला एका मोठ्या दुकानात गेली. शेवया, तूप, सुका मेवा, घरचं किराणा. तेलाच्या पिशव्यांच्या रांगेत एक पिशवी फुटून तेल फरशीवर आलं होतं. कुणीतरी फडक्याने वरवर पुसलं होतं, पण तिथे पाटी नव्हती की माणूस उभा नव्हता. फुफीचा पाय सटकला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं.

फुफी शिलाई करते. ईदच्या आधीचा महिना म्हणजे तिच्या वर्षभराच्या कमाईचा महिना. घेतलेली कापडं तिला बायकांना परत द्यावी लागली, आगाऊ घेतलेले पैसेही. सहा आठवडे प्लास्टर, मग बोटं वळावीत म्हणून व्यायाम, आणि कात्री धरायला हात तयार व्हायला त्याहून जास्त दिवस.

दुकानाचा मॅनेजर वागायला चांगला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं, रिक्षा बोलावली. निघताना एका रजिस्टरवर सही घेतली. फुफीचा हात सुजलेला, सही केली सुनेने, वाचलं कुणीच नाही. घरी आल्यावर सगळ्यांचं एकच, "जाने दो, नसीब में था." पंचवीस दिवसांनी दवाखान्याचा खर्च वाढला तेव्हा माझा आतेभाऊ दुकानात गेला. सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलं होतं. घरी बिल शोधलं तर कागद कोरा पांढरा, कारण या थर्मल बिलांची छपाई काही आठवड्यांत उडून जाते. आणि रजिस्टरमध्ये सुनेच्या सहीच्या वर लिहिलेलं होतं : "चालताना लक्ष नसल्याने पडले, दुकानाविषयी तक्रार नाही."

आम्ही पुढे काहीच केलं नाही. आता मुदतही निघून गेली. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील वकील आहेत, त्यांच्याकडे नंतर बसून मी हे सगळं समजून घेतलं, कायद्याची कलमं स्वतः वाचली. तेव्हा लक्षात आलं की फुफीचा मामला कायद्यात कमजोर नव्हता. तो पहिल्या दोन दिवसांत कमजोर झाला, आमच्या हाताने.

दुकानदार कधी जबाबदार असतो?

आधी एक गैरसमज दूर करू. दुकानात पडलो म्हणजे दुकानदाराने पैसे द्यायलाच हवेत, असा कायदा नाही. आपल्याच चपलेचा पट्टा तुटला, मोबाईलवर बोलत पायरी चुकली, तर दुकान काय करणार? प्रश्न असतो निष्काळजीपणाचा. ज्याने लोकांना आपल्या जागेत व्यापारासाठी बोलावलं आहे, त्याने ती जागा वाजवी काळजी घेऊन सुरक्षित ठेवली पाहिजे. ही काळजी त्याने घेतली नाही आणि त्यामुळेच आपल्याला इजा झाली, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात.

तेलाचंच उदाहरण घ्या. पिशवी फुटली आणि पुढच्याच क्षणी कुणी घसरलं, तर दुकानदार म्हणेल, मला कळायला वेळ तरी कुठे मिळाला? त्याच्या म्हणण्यात दम आहे. पण तेल अर्धा तास तसंच पडलेलं होतं, किंवा पुसणारा माणूस येऊन अर्धवट पुसून गेला, तर दुकानाला धोका माहीत होता असं सिद्ध होतं. फुफीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. पुसल्याच्या खुणाच सांगत होत्या की दुकानातल्या कुणीतरी ते पाहिलं होतं. त्या खुणांचा एक फोटो आमच्याकडे असता तर! सून शेजारी उभी होती, तिच्या हातात मोबाईल होता, पण तेव्हा कुणाला सुचतं?

तुटलेली पायरी, सैल कठडा, वर रचलेली आणि अंगावर कोसळणारी खोकी, उघडी पडलेली वायर, बंद न केलेला खड्डा, दिवे गेलेला जिना या गोष्टी तर एका मिनिटात घडत नाहीत. तिथे "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर फारसं चालत नाही.

आपली चूक थोडी असेल तर? दावा सरळ बुडत नाही. न्यायालय दोघांच्या चुकीचा वाटा पाहून भरपाई कमी करू शकतं. त्यामुळे "तुमचंच लक्ष नव्हतं" असं कुणी म्हटलं की लगेच मान खाली घालायचं कारण नाही.

भिंतीवर पाटी असते, "ग्राहकांनी स्वतःच्या जबाबदारीवर वावरावे, व्यवस्थापन जबाबदार नाही." ही पाटी पाहून पुष्कळ लोक गप्प बसतात. पण स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशी पाटी लावून झटकता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या ताज महाल हॉटेलचं प्रकरण होतं. पाहुण्याने गाडी हॉटेलच्या माणसाकडे लावायला दिली आणि ती चोरीला गेली. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की हॉटेलच्या माणसांची हयगय असेल तर त्या छापील ओळीमागे हॉटेलला लपता येणार नाही. प्रकरण गाडीचं होतं, पण पाटीचा मुद्दा आपल्यालाही कामाचा आहे.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

मी शाळेत मुलांना सांगते तसं सांगते : आधी जखम, मग कागद. रक्त वाहत असताना फोटोच्या मागे लागू नका. पण सोबत कुणी असेल तर त्याने लगेच मोबाईल काढावा. जिथे पडलात ती फरशी, सांडलेली वस्तू, आजूबाजूला पाटी आहे की नाही हे दिसेल असा थोडा लांबून घेतलेला फोटो, पायातली चप्पल, कपड्यावरचे डाग. चपलेचा फोटो कशाला, असं वाटेल. नंतर दुकानाचा वकील म्हणतो, "चप्पल झिजलेली होती." म्हणून.

छतावर कॅमेरा कुठे आहे ते बघून ठेवा. ज्यांनी पाहिलं त्यांचं नाव आणि नंबर घ्या. आपल्याकडे लोक उचलायला धावतात, रिक्षात बसवून देतात, आणि नंतर कोण होते ते कुणालाच आठवत नाही.

दुकानातल्या नोंदवहीत नोंद करायला सांगा, ते चांगलंच. पण काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका. चष्मा नसेल, हात दुखत असेल, मराठी किंवा इंग्रजी नीट वाचता येत नसेल तर सरळ सांगा, "घरचे लोक आल्यावर बघू." सही न केल्याने कुणी तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. दुकानदाराने इलाजासाठी काही रक्कम पुढे केली तर ती घ्यायला हरकत नाही, मात्र पावतीवर आपल्या हाताने लिहा : "उपचारासाठी तात्पुरती मदत म्हणून मिळाले, उरलेल्या भरपाईचा हक्क राखून." हे एवढे शब्द. ते लिहू देत नसतील तर त्यांच्या मनात काय आहे ते समजून घ्या.

बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. बिल करायच्या आधीच पडलात तर ट्रॉलीतल्या सामानाचं बिल करून घ्या. फोनवरून पैसे दिले असतील तर ती नोंद, कार्ड असेल तर बँकेचा मेसेज, हेही पुरावेच आहेत.

डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. हाडवैद्याकडे जाऊन पट्टी बांधून घेण्याची सवय आपल्या गावाकडे अजून आहे. कुणाला त्याचा गुण येत असेल, मी वाद घालत नाही, पण त्याचा कागद मिळत नाही. डॉक्टरला इजा कशी झाली ते स्पष्ट सांगा आणि केस पेपरवर "दुकानात घसरून पडल्याने" असं लिहिलं गेलं का ते पाहा. नुसतं "पडून दुखापत" लिहिलं तर घरच्या मोरीत पडलात असंही म्हणता येतं. एक्स-रे, औषधांची बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिक्षाचं भाडं लिहिलेली वही, सगळं एका पिशवीत ठेवा. दवाखाना कागद देत नसेल तर लेखी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचाच नियम आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीसीटीव्ही. दुकानाच्या यंत्रात जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवीन चढतं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकानाला पत्र द्यायचं. वकील लागत नाही. असं लिहा :

"मी (नाव, पत्ता) दिनांक ... रोजी सायंकाळी सुमारे ... वाजता आपल्या दुकानात खरेदी करीत असताना तेलाच्या रांगेजवळ फरशीवर सांडलेल्या तेलावरून घसरून पडले. तेथे सूचनाफलक नव्हता. माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले आहे. त्या दिवशीचे ... ते ... या वेळेतील त्या भागाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, नष्ट होऊ देऊ नये. आपल्या नोंदवहीतील नोंदीची प्रत मला द्यावी. उपचाराचा खर्च व अन्य नुकसानीबाबत स्वतंत्रपणे कळवीन."

दोन प्रती करा. एक प्रत दुकानात देऊन दुसरीवर शिक्का आणि सही घ्या. घेत नसतील तर पोच मिळेल अशा पद्धतीने स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्यांच्या ई-मेलवरही टाका. हे पत्र मिळाल्यावर चित्रण "चुकून पुसलं गेलं" तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे पुढे आयोग ठरवतो. आणि तो अर्थ दुकानाच्या बाजूने लागण्याची शक्यता कमीच.

आमच्या शाळेतल्या एका पालकांनी नेमकं एवढंच केलं. मुलाच्या पायावर कपड्यांच्या दुकानातलं लोखंडी स्टँड पडलं होतं. फोटो, केस पेपर आणि असं पत्र. दुकानाने विमा काढलेला होता, महिन्याभरात दवाखान्याचा पूर्ण खर्च मिळाला, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. मोठी दुकानं आणि मॉल अनेकदा असा विमा काढून ठेवतात, त्यामुळे पत्रात "आपल्या विमा कंपनीस कळवावे" अशी एक ओळ टाकायला हरकत नाही.

ग्राहक आयोग : आपल्यासाठी सर्वात जवळचा रस्ता

पत्राला उत्तर आलं नाही किंवा "आमची जबाबदारी नाही" असं आलं, तर पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जुने लोक याला ग्राहक मंच म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सेवेतली त्रुटी आणि निष्काळजीपणाने झालेलं नुकसान, दोन्हींसाठी भरपाई मागता येते. शारीरिक इजा तर येतेच, मानसिक त्रासाचीही येते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बरेच लोक इथेच घाबरतात. "माझं बिल सहाशे रुपयांचं आणि मी मागणार दोन लाख, मग फी किती?" नव्या कायद्यात कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, आपण दिलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोग. म्हणजे किराणा, कपडे, भांडी, फ्रीज, सगळं जिल्ह्यातच. आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी शून्य. या पद्धतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं, एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली.

दुकान पुण्यात आणि तुम्ही मिरजेत राहता? पूर्वी धावाधाव करावी लागे. आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. ईदच्या किंवा लग्नाच्या खरेदीला मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. तक्रार मराठीत लिहिता येते, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन करायची तर सरकारचं ई-जागृती पोर्टल आहे. कागद उर्दूत असतील, समजा साक्षीदाराने लिहून दिलेलं, तर सोबत मराठी भाषांतर जोडा. आधी नुसती विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ती दुकानाशी बोलून मार्ग काढायचा प्रयत्न करते, निकाल मात्र देत नाही.

मुदत दोन वर्षं. घटना घडली त्या दिवसापासून. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, पण "घरचे म्हणाले जाऊ दे" हे सबळ कारण नाही. हेल्पलाइनवर तक्रार केली, नोटीस पाठवली, दुकानदार "बघतो, बघतो" म्हणत राहिला, म्हणून हे घड्याळ थांबत नाही.

आता दुकानाचा वकील काय म्हणेल तेही ऐका. पहिला मुद्दा, "हे ग्राहकच नाहीत, यांनी काही विकत घेतलेलं नाही." कायद्यात ग्राहक म्हणजे किंमत देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. नुसतं बघायला आत गेलात आणि पडलात, तर हा मुद्दा आड येऊ शकतो. म्हणूनच मी बिलावर एवढा जोर देते आहे. दुसरा मुद्दा, "पडलं मूल, बिल आईच्या नावावर." इथे उत्तर आहे. पैसे देणाऱ्याच्या संमतीने जो सेवेचा लाभ घेतो तोही ग्राहकच. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एका हॉस्पिटलच्या प्रकरणात आजारी मूल आणि पैसे देणारे आईवडील दोघांनाही ग्राहक मानलं. मुलाच्या वतीने पालक तक्रार करतात. तिसरा मुद्दा, "यात पुष्कळ साक्षीदार तपासावे लागतील, दिवाणी कोर्टात जा." कधी कधी आयोग हे मान्य करतो. कागद जितके स्वच्छ, तितकी ही भीती कमी.

मॉलमध्ये पडलात तर कुणावर तक्रार करायची? दुकान म्हणतं जिना मॉलचा, मॉल म्हणतो साफसफाई ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो आम्ही फक्त सांगितलेलं काम करतो. तुम्ही या वादात पडू नका. जे जे संबंधित वाटतात त्या सगळ्यांना सामनेवाले करा, कुणाचा वाटा किती ते आयोग पाहील. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाला १३ जून १९९७ रोजी आग लागून ५९ माणसं गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाईची जबाबदारी अशीच वाटली : ८५ टक्के सिनेमागृह चालवणाऱ्यांवर, १५ टक्के वीज मंडळावर.

दुकानातून विकत आणलेली वस्तूच घरी फुटली, कुकर उडाला, मिक्सरचा शॉक बसला, तर तो वेगळा विषय आहे. त्याच कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि तिथे कंपनीलाही ओढता येतं.

कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. त्यावर विसंबून राहू नका. प्रत्यक्षात वर्ष जातं, दोन जातात, कधी जास्त. मात्र मध्येच आयोग दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. माझ्या मते छोट्या-मध्यम इजेच्या प्रकरणात ही संधी सोडू नये.

किती मागायचं?

लोक एकतर फक्त दवाखान्याचं बिल मागतात, नाहीतर कुणाचं तरी ऐकून पन्नास लाख लिहितात. दोन्ही चूक. हिशेब मांडा. समजा दवाखाना आणि औषधं २२ हजार, व्यायामाचे ६ हजार, रिक्षा २ हजार, अडीच महिने शिलाई बंद म्हणून ३० हजार, घरकामाला बाई ठेवली तिचे ८ हजार. हे झाले ६८ हजार, आणि प्रत्येक आकड्यामागे एक कागद हवा. शिलाईच्या वहीत नावं आणि रकमा लिहिलेल्या असतील तर ती वहीसुद्धा कागदच आहे. त्याच्या वर वेदना आणि मानसिक त्रास, पुढचा इलाज, हात पूर्वीसारखा न झाल्यास त्याचं नुकसान. कायमचं अपंगत्व असेल तर सिव्हिल हॉस्पिटलचा टक्केवारीचा दाखला घ्या, त्याने बराच फरक पडतो.

आमच्या घरात कुणीतरी म्हटलं होतं, "सून असती पडलेली तर काय, ती तर घरीच असते, तिचं काय नुकसान?" हे ऐकून मला राग आला होता. घरातली बाई दोन महिने अंथरुणाला खिळली की घर कसं चालतं ते ज्याचं त्याला माहीत. सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या प्रकरणांत, अलीकडे जानेवारी २०२१ च्या निकालात, गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे असं मानून भरपाई मोजली आहे. ते निकाल रस्ता अपघाताचे असले तरी तक्रारीत हा मुद्दा जरूर मांडा.

दिवाणी कोर्ट आणि पोलीस

काही खरेदी केली नव्हती किंवा प्रकरण फार गुंतागुंतीचं आहे, तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा करता येतो. मुदत साधारण तीन वर्षं. पण मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, वकील लागतो, आणि वर्षं किती लागतील त्याचा भरवसा नाही. मोठी, आयुष्यभराची इजा असेल तरच मी हा रस्ता सांगेन.

पोलिसांचं नाव काढलं की आपल्या घरांत लोक दचकतात. "चौकी-कचेरी नको." समजू शकते. पण काही प्रसंगी तक्रार देणंच बरं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १२५ प्रमाणे दुसऱ्याच्या सुरक्षिततेला धोका होईल अशा बेफिकिरीने दुखापत केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्हींत कैद आणि दंड एकत्रही होऊ शकतात. हाड मोडणं किंवा दात पडणं कायद्यात गंभीर दुखापतीतच मोडतं. मृत्यू झाला तर कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत.

पोलीस तक्रारीने आपल्या हातात पैसे येत नाहीत. तिचा फायदा असा की पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात आणि सीसीटीव्ही ताब्यात घेऊ शकतात, जे आपल्याला जमत नाही. सरकता जिना, लिफ्ट, छताचा भाग कोसळणं, विजेचा धक्का, आग अशा ठिकाणी वेळ घालवू नका. ठाण्यात "आमच्या हद्दीत नाही" म्हटलं तरी गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, तो शून्य क्रमांकाने लिहून योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. लिहूनच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. साधं खरचटलं, मुका मार लागला, यासाठी मात्र पोलिसांत जाऊ नये असं माझं मत आहे. गल्लीतल्या ओळखीच्या किराणावाल्याकडे पडलात तर आधी बसून बोला. त्याची जबाबदारी मोठ्या दुकानाइतकीच आहे, पण त्याच्याकडे ना विमा, ना कॅमेरा. इलाजाचा खर्च दोघांनी मिळून ठरवला आणि कागदावर लिहिला तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

सरकत्या जिन्याविषयी वेगळं सांगायला हवं. महाराष्ट्रात लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांच्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, ते चालवायला परवाना लागतो आणि त्यांची तपासणी होते. तिथे अपघात झाला तर परवाना आणि शेवटच्या तपासणीचा कागद मागा. पण बहिणींनो, बुरख्याचा घेर, ओढणी, साडीचा पदर खालच्या फटीत अडकतो हे खरं आहे. घेर हातात उचलून धरा, लहान मुलाला जिन्याच्या कडेला टेकू देऊ नका, मऊ रबरी चपला घातलेली मुलं असतील तर लिफ्टने जा. नाहीतर पुढे हीच गोष्ट "तुमची चूक" म्हणून समोर येते.

दुकानाबाहेर, महापालिकेच्या फुटपाथवरच्या खड्ड्यात पडलात तर दुकानदाराला धरता येणार नाही, तिथे पालिका येते. दुकानाची स्वतःची पायरी फुटपाथवर बाहेर आली असेल आणि ती फुटलेली असेल, तर दोघांनाही पत्र द्या.

आणखी एक. आपली कितीतरी मुलं-मुली मॉलमध्ये, कापडाच्या दुकानांत, गोदामांत कामाला आहेत. त्यांना कामावर इजा झाली तर हा ग्राहकाचा रस्ता त्यांचा नाही. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर त्याचे लाभ, नाहीतर कर्मचारी नुकसानभरपाईचा दावा. मालक "तू रोजंदारीवर आहेस" म्हणतो म्हणून हक्क संपला असं समजू नये.

वकिलाचे पैसे नाहीत, हे कारण बायकांनी तरी देऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुरुषांसाठी महाराष्ट्रात साधारणपणे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, आणि फोनवर विचारायचं तर १५१००. आधार कार्ड, केस पेपर, बिलाचा फोटो आणि दुकानाला दिलेल्या पत्राची शिक्क्याची प्रत घेऊन जा, साधा अर्ज तिथेच लिहून घेतात.